आठवं कडवं

जामसरजवळच्या पाड्यावरची फागी जव्हारला आशालताबाईंकडे भांडी घासायला येई. बाई सोवळ्याच्या, गुरुवारी पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या. रामाच्या देवळात त्यांनी मुलींचा गाण्याचा वर्ग काढला होता. "गाण्याला जात नसते," असं त्या हळू आवाजात सगळ्यांना सांगत आणि पाड्यावरच्या पोरींना पायरीवर बसू देत. गावातल्या मुली आत, सतरंजीवर.

फागीचा गळा पायरीवरून थेट गाभाऱ्यात जाई. पण तो गळा आजीचा. ठकी आजी पाड्याची धवलेरी. तिने गायल्याशिवाय कुणाचं लग्न लागत नसे. येत्या माघात थोरल्या बहिणीच्या, रुपीच्या मांडवात आजी फागीला शेजारी बसवून गाणं तिच्या हवाली करणार होती. कळायला लागल्यापासून फागीने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

जव्हारच्या राजांच्या दसऱ्याच्या दरबाराला ठाण्याचे गोरे साहेब यायचे होते, आणि तिथे बाईंच्या मुली गाणार होत्या. बाईंना काहीतरी नवं हवं होतं.

"तुमच्यातलं एखादं सांग की ग."

"लग्नाचंच येतं, बाई. पण भिंतीवर देवीचा चौक लिहिल्याबिगर नाय गावायचं. देवी येते. आली का तिला घास लागतो."

बाईंची लेक विद्युल्लता फिस्सकन हसली. "हावरीच दिसते की हिची देवी!"

बाई हसल्या नाहीत, फागीकडे वळल्या. "देव भावाचा भुकेला, बाळा. मी रोज बोलावते, माझ्याकडून कधी उपाशी गेलाय? ये, आत ये. सतरंजीवर बस."

फागीला आजवर कुणी बाळा म्हटलं नव्हतं. ती आत गेली. पाच दिवस सतरंजीवर बसून तिने नऊच्या नऊ कडवी सांगितली. बाईंनी ती वहीत उतरवली, पेटीवर बसवली.

दसऱ्याला दरबाराच्या दारात बाई म्हणाल्या, "आज साहेब आहेत ग. तू आपली पायरीवरच बरी."

मुली गायल्या. टाळ्या पडल्या. तोरणं बांधायला पाड्यावरची माणसं वेठीला आणली होती. त्यांत आंब्याच्या पानांचा भारा घेऊन ठकी आजी उभी होती. तिने भारा खाली ठेवला, पायरीशी आली.

"चौक कुठंय?"

फागीने मान खाली घातली.

"बोलवलीस ना देवीला? आता घाल खायला. तुझा गळाच घाल."

माघात रुपीचं लग्न निघालं. आजीशेजारी पाड्यावरची दुसरी पोर, सुकरी, बसली. फागीला मांडवात पाय टाकायची बंदी. ती गोठ्याच्या कुडाआड उभी राहिली. सहा कडवी झाली, सातवं झालं. मग आजीने सातवंच पुन्हा धरलं आणि मध्येच थांबली. म्हातारीला आठवं आठवेना. सुकरीला तर येतच नव्हतं. वाजप थांबलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. गाणं तुटलं तर लग्न अपुरं.

फागीला राहवलं नाही. तिने कुडाआडून आठवं उचललं, देवीला भाताच्या राशीवर बसवायचं ते. सूर मांडवभर पसरला. म्हाताऱ्या बायांच्या माना आपोआप डुलू लागल्या. हळद लावलेल्या रुपीने मान वर केली. फागीला वाटलं, आता ही मला आत बोलावील.

"आजी, तिला गप कर," रुपी म्हणाली. "माझ्या लग्नात उष्टं नको."

आजी उठली. चुलीतली मूठभर राख घेऊन बाहेर आली, एका हाताने फागीचा जबडा धरला आणि ती राख तिच्या तोंडात कोंबली. मग आत जाऊन तिने नववं कडवं सुरू केलं. आठवं गाळूनच लग्न लागलं.

चौथ्या दिवशी फागी जव्हारला गेली. देवळात तालीम चालली होती. विद्युल्लता आठवं कडवं म्हणत होती. शब्द न् शब्द जागच्या जागी.

"ऐकलंस?" बाई प्रेमाने म्हणाल्या. "तुझं गाणं आम्ही जपलं हो. आता वर्गाला नाही आलीस तरी चालेल. घरी जाऊन भांडी घास. आज गुरुवार आहे, माझी पूजेची तेवढी राहू दे."

फागी बाईंच्या घरी गेली. घराच्या मागच्या अंगणात बसून तिने राखेची मूठ घेतली आणि पहिलं पातेलं पुढ्यात ओढलं.