पिशवीचे वजन

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ताईंनी पोलीस ठाण्यातल्या मुद्देमाल खोलीचे कुलूप काढले, खिडकी चार बोटे उघडली आणि रात्रभर कोंडलेला वास बाहेर जाईपर्यंत दारातच उभ्या राहिल्या. मग इलेक्ट्रॉनिक काटा पुसला, रजिस्टर उघडले आणि त्या दिवशीच्या सुनावणीची एकच सीलबंद प्लास्टिकची पिशवी फडताळातून काढली. वर त्यांच्याच अक्षरात लिहिले होते : गांजा, ३१.४ ग्रॅम.

साडेआठला बसचालकाची वकीलबाई ते पाहायला आली. मागोमाग चालकही.

"दीड ग्रॅमसुद्धा जास्त नाही हो, ताई! सुट्टीच्या दिवशी, माझ्याच घरात होता. बसमध्ये मी साधी गोळी चघळत नाही."

"तू जरा ब्रेक लाव," वकीलबाई म्हणाली. "तीस ग्रॅमपर्यंत सज्ञान माणसाला जवळ ठेवता येतो, वर गेला की गुन्हा. शिक्षा झाली तर तुझा परवाना जाईल." मग तिने ताईंना विचारले, "सील आधी की वजन?"

"सील आधी. ते पुन्हा फोडायला नको म्हणून आम्ही नेहमी पिशवीसकटच..."

ताई बोलता बोलता थांबल्या. जुन्या कायद्यात चिमूटभर गांजाही गुन्हाच होता, त्यामुळे पिशवीच्या वजनाची चौकशी कोणी केली नव्हती. गेल्या वर्षी कायदा बदलला. खोलीतली रीत तशीच राहिली. त्यांनी तशाच पिशव्यांच्या गठ्ठ्यातली एक कोरी पिशवी काट्यावर ठेवली. ४.६. म्हणजे आतला माल २६.८ ग्रॅम.

"ताई, नसती उठाठेव कशाला?" दारातून ठाण्याचे साहेब म्हणाले. "चूक कोणाच्या नावावर जाईल, कळतंय ना?"

"माझ्याच. अक्षर माझंच आहे."

"अठरा वर्षांची नोकरी आहे तुमची."

"म्हणून तर अक्षर ओळखता आलं, साहेब."

कोर्टात ताईंनी सारे जसेच्या तसे सांगितले. सरकारी वकील उठले. "पाला वाळून हलका होतो. आजच्या मोजणीला काय अर्थ?"

"पाला मी मोजलाच नाही. मोजली ती रिकामी पिशवी, आणि प्लास्टिक काही वाळत नाही."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशांनी काटा मागवला आणि एकेक करून पाच कोऱ्या पिशव्या स्वतः मोजल्या. सर्वांत हलकी ४.५ भरली. दहा मिनिटांत चालक निर्दोष सुटला.

बाहेर तो दोन-दोन पायऱ्या करत उतरला आणि फाटकापाशी त्याने दोन्ही हात वर केले. "उद्या सहाची फेरी माझी! ताई, खिडकीची जागा तुमची!"

"आधी घरी फोन कर," वकीलबाई ओरडली. पण हसू तिलाही आवरत नव्हते.

ताई खोलीवर परतल्या. नवा कायदा लागू झाल्यापासूनच्या नोंदी त्यांनी पहिल्या पानापासून वाचल्या. तीस आणि पस्तीस ग्रॅमच्या मधल्या तेवीस निघाल्या. त्यांपैकी नऊ जणांना शिक्षाही झाली होती. त्यांनी तेवीसही क्रमांक एका कागदावर उतरवले, खाली लिहिले, 'वजन पिशवीसह घेतले गेले. चूक माझी,' आणि सही केली. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. दुसरी घेऊन त्या पुन्हा कोर्टात गेल्या, आवक खिडकीशी रांगेत उभ्या राहिल्या आणि तिची पोच घेतली.