तिसरं मत

ताक्यो पेंटरचा हात एका आडनावावर इतका बसला होता की डोळे मिटूनही ते सरळ आलं असतं. मोंतेसाल्वा. बेटावर जिथे म्हणून सपाट जागा होती तिथे ते नाव होतं. बोटीची वाट बघायच्या शेडवर, बास्केटबॉलच्या फळीवर, शाळेच्या बाकांवर, रुग्णवाहिकेवर, आणि मेयरसाहेब गरिबांना फुकट द्यायचे त्या शवपेट्यांवरसुद्धा. कुणाच्या कृपेनं आलो हे माणसाला वर गेल्यावर सांगता यायला हवं ना!

तीन वेळा लागोपाठ निवडून आलं की कायदा मेयरला म्हणतो, आता ऊठ. रोदोल्फो मोंतेसाल्वा उठले, आणि खुर्ची गार पडू नये म्हणून त्यांनी बायकोला, रोसालियाला, उभं केलं. एक खेप ती बसणार, मग साहेब पुन्हा हजर. यात लपवाछपवी काहीच नव्हती. साहेब भरसभेत हसत सांगायचे, "जरा पाय मोकळे करून येतो."

लोक हसायचे, आणि घरी येऊन दातओठ खायचे. ताक्यो तर पेटलाच होता. तो तोंडाचा फटकळ, आणि आपण फटकळ आहोत याचा त्याला कोण अभिमान! नेस्तोर न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना तो भाषण ठोकायचा, माडीच्या अड्ड्यावर ठोकायचा, घरी बायकोसमोरही ठोकायचा. त्याची बायको दिविंग त्यावर काही बोलायची नाही. फार झालं तर म्हणायची, "भात निवतोय."

एका रविवारी प्रार्थना संपल्यावर तो चॅपलमध्ये सगळ्यांसमोर उभाच राहिला. "खुर्ची उबदार ठेवायला बाई बसवतात, आणि आपण मतं घालायची! कोंबड्या आहोत का आपण? या खेपेला माझं मत प्रेसिंगबाईंना. उघड सांगतो. कुणाला भीत नाही!"

प्रेसिंगबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. अर्ध्या बेटाला त्यांनी अक्षरं शिकवली होती, ताक्योलाही. पैसा नाही, पत्रकं नाहीत, तरी त्या मेयरपदाला उभ्या राहिल्या होत्या. ताक्यो बसल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी एकच गोष्ट करीन. लोकांच्या पैशानं बांधलेल्या कशावरही कुणाचं नाव असणार नाही. माझंही नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताक्योनं तर हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. घरी जाताना मात्र त्याच्या डोक्यात आलं, नावंच नसली तर मी रंगवू काय? होड्यांचे तळ?

दोन दिवसांनी मेयरसाहेबांचा माणूस आला. चॅपलमधल्या भाषणाबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. "मॅडम आल्या की सगळ्या पाट्या बदलायच्यात, मानोंग ताक्यो," दादा म्हणावं तसं अदबीनं मानोंग लावून तो एवढंच म्हणाला. "आडनाव तेच, नुसतं पहिलं नाव पुसायचं. काम तुमच्याशिवाय कुणाला देणार?" ताक्यो म्हणाला, बघू. पण संध्याकाळी शेडवरून जाताना त्याची वीत आपोआप पाटीवर पडली. 'रोदोल्फो'च्या जागी 'रोसालिया' आरामात बसत होतं.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकावर गुडघे मुडपून तो मतपत्रिकेवर वाकला. आख्खं बेट बाईंच्या बाजूचं आहे, त्यानं स्वतःला समजावलं. माझ्या एका मतानं काय अडणार आहे? बाई निवडून येतील, वर मी मॅडमना मत दिलं असं साहेबांच्या माणसाला शपथेवर सांगता येईल. त्यानं रोसालियापुढचा गोल काळा केला, बोटाला शाई लावून घेतली, आणि बाहेर येऊन ते बोट सगळ्यांना दाखवलं.

संध्याकाळी मतं मोजणाऱ्या यंत्रातून निघालेला कागद वर्गाच्या दारावर चिकटवला. लोक माना उंचावून वाचायला लागले. साऱ्या बेटात प्रेसिंगबाईंना तीन मतं होती.

"विकले गेले सगळे!" नेस्तोर न्हावी ओरडला. "लाज नाही लोकांना!"

"थू!" ताक्यो म्हणाला.

"थू!" आणखी चारजण म्हणाले. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. मग प्रत्येकाला एकदम घरचं काहीतरी काम आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई ताक्योच्या दारात आल्या. हातात केळीच्या पानात बांधलेलं सुमान, चिकट तांदळाचं, वर गुळाचा पाक. ताक्योला पळून जावंसं वाटलं, पण घराला दार एकच, आणि त्यात बाई उभ्या.

"तीन मतं पडली," बाई बसत म्हणाल्या. "एक माझं. एक माझ्या बहिणीचं. आता तिसरं कुणाचं, हे मला कुणी सांगायला नको. चॅपलमध्ये उभं राहून बोलणारा एकच होता."

दिविंग चुलीपाशी मासे साफ करत होती. तिची सुरी थांबली. ताक्योनं तिच्याकडे पाहिलं, तशी ती पुन्हा खवले काढायला लागली.

आत्ताच बोलावं, त्याच्या मनात आलं. जीभ उचललीही होती त्यानं. पण बाई अशा काही बघत होत्या, शाळेत त्यानं पहिल्यांदा सरळ रेघ काढली होती तेव्हा बघितलं होतं तशा. आणि तो म्हणाला, "त्यात काय एवढं, बाई. माणसानं शब्द पाळायला नको?"

"पाळत नाहीत रे लोक. तू पाळलास." बाईंचा आवाज ओला झाला. "दिविंग, नवऱ्याला जप गं तुझ्या. असा माणूस बेटावर दुसरा नाही."

"हो बाई," दिविंग म्हणाली. तिनं हात धुतले, बाईंना कॉफी दिली, त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवून आली.

ती परत आली तेव्हा ताक्यो सुमानकडे बघत बसला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "मग तिसरं कुणाचं असेल गं?"

दिविंगनं पान सोडलं आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली. "ते सुमान माझं आहे," ती म्हणाली. "पण खा तू."

त्याच्या कानांतून वाफ निघाली जणू. मेयरसाहेबांच्या जेवणावळीला मोठमोठ्या पातेल्यांत भात शिजवणारी, जन्मात राजकारणावर अक्षर न बोललेली ही बाई!

"मग बाईंसमोर गप्प का बसलीस?"

"काय सांगू? माझा नवरा खोटं बोलतोय म्हणून?" ती पुन्हा मासे घेऊन बसली. "खा. नाही खाल्लंस तर मला उचलून फेकावं लागेल, आणि बाईंनी एवढं केलंय."

तो खात गेला. नाही म्हणायला तोंडच नव्हतं. गोड होतं म्हणून जास्तच लाज वाटत होती. एक तुकडा तिच्यासाठी ठेवावा असं मनात आलं, पण ठेवायचा म्हणजे तिच्याकडे बघून 'घे' म्हणावं लागलं असतं. तेवढा धीर झाला नाही. ताटली पुसून निघाली.

आठवड्याभरात काम सुरू झालं. पहिली पाटी शेडची. सकाळी वारा सुटला होता, शिडी हलत होती, आणि ताक्यो 'रोदोल्फो' पुसून 'रोसालिया' लिहीत होता. एकाएकी शिडी स्थिर झाली. खाली बघतो तर प्रेसिंगबाई. बोटीसाठी आल्या होत्या. पिशवी खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली होती.

"बाई, राहू द्या!"

"पडशील. पोटासाठी करावं लागतं, मला काय कळत नाही? काम वेगळं, मत वेगळं."

पाटीवरचं काही त्याला दिसेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नेस्तोर न्हावी समोरून गेला, त्यानं बाईंना पाहिलं आणि वाट बदलली. ताक्योला वाट बदलता येत नव्हती. तो शिडीवर होता, आणि शिडी बाईंच्या हातात होती.

"बाई," तो पाटीकडे तोंड करूनच म्हणाला, "ते तिसरं मत दिविंगचं होतं."

लांबून बोटीचं इंजिन ऐकू यायला लागलं. आता हात सुटतील, शिडी हलेल, म्हणून तो वाट बघत राहिला. शिडी हलली नाही.

"सुमान तरी खाल्लं का तिनं?" बाईंनी विचारलं.

ताक्योनं ब्रश डब्यात ठेवला.

"नाही बाई," तो म्हणाला. "सगळं मीच खाल्लं."