रोझमेरी आंटींची पायरी

माणिकपूरच्या त्या गल्लीत रोझमेरी आंटींच्या घराची पायरी रस्त्यात दोन फूट पुढे आलेली होती. गल्ली अरुंद, फूटपाथ नाही, आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षा तिथूनच घुसायच्या. समोरून गाडी आली की चालणारे चटकन पायरीवर चढत. गाडी जाईपर्यंत उभं राहणं आलं, आणि उभं राहिलं की बोलणं आलं. "काय आंटी, जेवलात?" "गुडघा काय म्हणतोय?" नवरा, बेसिल, गेल्यापासून सहा वर्षं आंटी दाराशीच बसत. मुलगा मार्क दोहाला. त्याचा फोन रविवारी येई.

मग ती गल्ली चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी नव्याने आखायचं ठरलं. आराखडा करायला दिशा नावाची मुलगी आली. दिवसभरात किती माणसं पायी जातात, हे तिला मोजायचं होतं.

"मी इथेच असते, मी मोजते," आंटी म्हणाल्या.

आठवडाभर त्यांनी वहीत रेघा ओढल्या. दिशा रोज संध्याकाळी यायची, चहा घ्यायची, टेबलावर नकाशा पसरायची. शेवटच्या दिवशी मात्र ती चाचरत म्हणाली, "आंटी, फूटपाथ सलग हवा तर तुमची पायरी काढावी लागेल. तुम्ही नको म्हणालात तर मी तो वळवून घेते."

"वळवू नको, बाय. शाळेतली पोरं नीट चालतील ना?" म्हणत आंटींनी संमतीच्या कागदावर सही करून टाकली.

चार महिन्यांत काम झालं. गाड्या बाहेरच्या रस्त्याने जाऊ लागल्या. शेजारची सुझान सायकलवरून एकटी ट्यूशनला जायला लागली. आंटीसुद्धा किती वर्षांनी कोणाचा हात न धरता चर्चला चालत गेल्या.

पण आता कोणालाच थांबावं लागत नव्हतं. माणसं हात हलवून पुढे जात. हे आंटींच्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले. रविवारी मार्कने फोनवर गल्लीचं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "रस्ता फार चांगला झालाय."

त्यांनी दिशाला फोन केला. "बाय, आमच्या दारासमोर एक बाक बसेल का?"

दिशा आता नाशिकच्या कामावर होती. "सांगते आंटी, नक्की सांगते."

बाक आला नाही. महिन्याभराने आंटींनी घरातली खुर्ची उचलली आणि फूटपाथच्या कडेला मांडली. संध्याकाळी सुझानने सायकलचा वेग कमी केला. "आंटी, कोणाची वाट बघताय?"

"नाही गं. बसलेय अशीच."

"बरं," म्हणून ती निघून गेली.

दिवे लागेपर्यंत आंटी बसून होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक खुर्ची बाहेर आणली. ती जड होती, ओढतच आणावी लागली.