तीनशे केबीची हाक

मित्रांनो, मी एक जुनं मेमरी कार्ड आहे. अंगानं नखाएवढं, पण पोटात दोन जीबी! आजकालची पोरं हसतात. हसू देत. माझा जीव मात्र त्या दुष्काळापासून थाऱ्यावर नाही.

माझं पोट म्हणजे इवल्या इवल्या खणांच्या रांगा. प्रत्येक खणात एक नाहीतर शून्य, तो बिट. आठ बिटांचा एक बाइट, हजारेक बाइटचा केबी, हजारेक केबींचा एमबी आणि हजारेक एमबींचा जीबी. माझा धनी बिरू, त्याच्या हे ध्यानात नव्हतं, तिथंच घोळ झाला.

बिरू सिल्लोडकडचा धनगर. वाळूजला कंपनीत कामाला, बजाजनगरात खोली. गावात आईची साठ मेंढरं. दुष्काळात सगळ्या गावाला पाण्याचा एकच हौद उरला. टँकर आला की चार कळप एकमेकांत मिसळायचे. बिरूची आई दगडाबाई "हुर्रेऽ याऽ" अशी हाक द्यायची आणि तिचीच मेंढरं तेवढी बाहेर यायची! पण तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"माझी हाक धरून ठिव रं," ती बिरूला म्हणाली. "नायतर मेंढरं लोकाची व्हतील."

बिरूनं मोबाइलवर हाक टिपली आणि ती माझ्याकडे आली. काय सांगू, केवढा मान वाटला मला!

ऑपरेशन झालं. आईला गावी पोचवण्याआधी बिरू लेकीला, सुट्टीत आजीमागं मेंढरांत फिरणाऱ्या सृष्टीला घेऊन राजकुमारच्या मोबाइलच्या दुकानात गाणी भरायला गेला.

"कार्ड फुल हाय भाऊ. काय उडवू?" राजकुमारनं विचारलं.

बिरूनं यादी पाहिली. गाण्यांपुढे पाच, सहा असे आकडे. एका बिननावाच्या फायलीपुढे तीनशे.

"हे तीनशेवालं लई जागा खातंय. उडव!"

अरे देवा! गाणं पाच एमबीचं, म्हणजे पाच हजार केबींचं. हाक अवघी तीनशे केबींची. पण बिरू पडला मेंढरं मोजणारा. तीनशे डोकी पाचाहून जास्तच!

हाक गेली, तरी गाणं मावेना. मग राजकुमारनं एक छोटी रिंगटोन टाकली. मित्रांनो, उडवलेलं लगेच पुसलं जात नाही. यादीतून नाव जातं, नवं काही त्यावर पडेपर्यंत खणातलं तसंच राहतं. रिंगटोनखाली अर्धी हाक गाडली गेली. थांबा रे, थांबा! पण मला तोंड कुठलं?

"पप्पा, आजीची हाक कुठंय?" यादी बघत सृष्टीनं विचारलं. बिरूच्या तोंडचं पाणी पळालं.

"आता यात कायबी टाकू नगा," म्हणत राजकुमारनं मला कॉम्प्युटरला लावलं. तासभर खटपट करून उरलेली अर्धी हाक त्यानं शोधून काढली.

दोन दिवसांनी गावी हौदावर बिरूनं मोबाइल उंच धरला. "हुर्रेऽ" ऐकून मेंढरांनी माना वर केल्या. पुढे नुसती खरखर. मेंढरं परत गर्दीत शिरली.

"माझ्या हातानं घालवली गं आये," बिरू रडकुंडीला आला.

दगडाबाईनं आधी स्वतःच्या गळ्याला बोट लावलं, मग सृष्टीच्या. पोरगी लाजली. चार कळपांचे धनी बघत होते. तिनं डोळे मिटले आणि घसा फुटेस्तोवर हाक दिली. आधी एक म्हातारी मेंढी बाहेर आली, तिच्यामागं बाकीची. दगडाबाई तोंडाला पदर लावून रडली.

मित्रांनो, आकड्यापुढचं केबी, एमबी वाचल्याशिवाय काही उडवू नका. आणि आईची हाक माझ्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका. तिच्याकडून शिकून घ्या, मी तरी किती दिवस पुरणार?