माझ्या पोटातले कुत्रे

मी जे सांगणार आहे, त्यातलं किती घडलेलं आणि किती मला नुसतं वाटलेलं, याची मलाच खात्री नाही. माझ्या पाठीवर जन्मसाल ठोकलेलं आहे, पण त्याचा शेवटचा आकडा झिजला आहे. कधी तो तीन वाटतो, कधी आठ. ज्याला स्वतःचं वय धड सांगता येत नाही त्याने आपली गोष्ट सांगावी का, हा विचार मी पुष्कळ केला. तरी सांगतो. चुकलं तर सोडून द्या.

मी सायकलच्या चाकाचा हब आहे. चाकाच्या सगळ्या तारा मधोमध जिथे येऊन मिळतात, तो गोल डबा म्हणजे मी. साध्या सायकलीचा हब आतून पोकळ असतो. माझ्या पोटात तीन गिअर आहेत, पण बाहेरून काही दिसत नाही. लोकांना दातेरी चकत्यांची उतरंड पाहायची सवय, त्यामुळे ते माझ्याकडे बघून विचारतात, "गिअर कुठंयत?" मग आपणच काही खोटं सांगितलंय, असं मला उगाच वाटत राहतं.

पोटात लहान लहान दातेरी चाकं आहेत आणि पोलादाच्या चार बारक्या जिभा आहेत. सायकलवाले त्यांना कुत्रे म्हणतात. हे कुत्रे चाकाला दातांत धरून ओढतात. दातांत काही धरलेला कुत्रा भुंकत नाही. सुटा कुत्रा टिकटिक करतो. पहिल्या, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरमध्ये सायकल ओढली जात असेपर्यंत मी अगदी मुका असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये दोन कुत्रे ओढतात आणि उरलेले दोन सारखे टिकटिकतात. एवढं लक्षात ठेवा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

मी विलायतेत जन्मलो आणि एका मिशन दवाखान्यातल्या सिस्टरबाईंच्या सायकलीबरोबर श्रीरामपूरला आलो. त्या फार जपून चालवत. त्या गेल्यावर सायकल हातोहाती फिरली आणि शेवटी काकासाहेबांच्या दुकानात आली. काकासाहेब मनाने उदार. प्रत्येक हबात ते बोटाने भरपूर ग्रीस भरायचे, तसं त्यांनी माझ्यातही भरलं. मला हवं असतं पातळ तेल. घट्ट ग्रीसमध्ये कुत्रे चिकटून बसले. पायडल फिरायचं, चाक जागेवरच. सायकल भंगारात गेली आणि मी खिळ्याला लटकलो. किती वर्षं, ते विचारू नका. त्या काळात मला आपण मुळातच बिघडलेले आहोत असं वाटू लागलं होतं.

तिथून मला प्रवीणने काढलं. प्रवीण नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर काम करायचा. श्रीरामपूर ही त्याची सासुरवाडी. माझ्या आसातून लोंबणारी, गिअर बदलायची नखाएवढी साखळी त्याला दिसली आणि तो थांबला. काकासाहेब म्हणाले, "त्यातले कुत्रे झोपलेत. उठवता येत असतील तर घेऊन जा."

प्रवीणने मला डिझेलमध्ये धुतलं आणि शिवणयंत्राचं तेल पाजलं. त्याने बोटाने फिरवताच मी टिकटिकलो. स्वतःचा आवाज ऐकून मलाच हायसं वाटलं.

त्याला मी हवा होतो तो त्याच्या थोरल्या बहिणीसाठी. भारतीबाई तिसगावच्या शाळेत गणित शिकवायच्या. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचे पाय चालत नसत. त्यांची हाताने चालवायची तीनचाकी होती: छातीसमोर हातपायडल, तिथून साखळी खाली पुढच्या चाकाला. सपाटीवर त्या कुणाला हार जायच्या नाहीत. पण शाळा टेकाडावर, आणि तो चढ त्यांच्या हातांना झेपत नसे. मग मुलं मागून ढकलायची. मुलांनी त्याची पाळी लावली होती, कारण बाईंना धक्का देणाऱ्याला उशिराची शिक्षा नव्हती. स्टाफरूममध्ये रामहरी सर एकदा म्हणाले होते, "बाईंच्या विषयात काठावर असणाऱ्यांनी धक्का द्यावा, भागून जातं." सगळ्यांबरोबर बाईही हसल्या. घरी येऊन मात्र त्यांनी ते प्रवीणला शब्दन् शब्द सांगितलं होतं.

त्या उन्हाळ्यात बाईंना मुख्याध्यापिका केल्याचं कळलं. जूनमध्ये शाळा उघडायची होती. पहिल्या दिवशी फाटकातून आपल्या हातांनी आत जायचं, कुणाचा हात पाठीला न लागता, असं त्यांनी मनाशी धरलं. प्रवीणने बॅटरीची गाडी सुचवली.

"तो विजेचा धक्काच झाला की," त्या म्हणाल्या.

प्रवीणने माझ्याभोवती पुढचं चाक विणलं आणि ते धरायला नवा चिमटा बनवला. माझी सुरुवात वाईट झाली. माझ्यात एक खोट आहे, ती लपवत नाही: दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक रिकामी जागा आहे. गिअरची वायर सैल असली की कुत्रे तिथे काहीच धरत नाहीत. पहिल्याच दिवशी अंगणात बाईंचे हात एकदम मोकळे फिरले आणि पायडल हनुवटीवर बसलं. त्यांच्या आई, चांगुणाबाई, धावत आल्या. त्यांनीच मुलीला पाठुंगळी घेऊन दहावीपर्यंत शाळेत नेलं होतं. त्या प्रवीणवर कडाडल्या, "काढ ते भंगार. लेकीचं तोंड फोडतं का काय!"

प्रवीणने वायर ताणली. ती खोट पुन्हा आडवी आली नाही. पण माझ्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. मलाही वाटलं, आईंचं बरोबर आहे.

प्रवीणच्या कारखान्यात ओंकार नावाचा इंजिनिअर होता. त्याच्याकडे आठ गिअरचा नवा हब पडून होता. सुट्टीच्या दिवशी दोघं तो घेऊन तिसगावला आले. चाकं दोन, एकात तो आणि एकात मी. आळीपाळीने गाडीला लावून चढावर बघायचं ठरलं.

त्या आठवाल्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. तो भला आहे. त्याचा पहिला गिअर माझ्या पहिल्याहून कितीतरी हलका. त्याच्यात रिकामी जागा नाही. वजनाने थोडा जड आहे, आणि आत काही मोडलं तर तिसगावात कुणी उघडू शकणार नाही, एवढंच. शिवाय त्याच्या पोटात कुत्रे नाहीत. त्यांच्या जागी गुळगुळीत लाटण्यांसारखे रूळ आहेत, त्यामुळे तो कधीच आवाज करत नाही. कुलीन घरचा वाटतो. मी गवतात आडवा पडून त्याचं कौतुक ऐकत होतो.

तो लावून बाई निघाल्या आणि न थांबता फाटकापर्यंत गेल्या. ओंकारने टाळ्या वाजवल्या. मागून चालणाऱ्या चांगुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी मनात खिळ्यावर परत जाऊन बसलो.

पण बाई गणिताच्या. त्या म्हणाल्या, आता दुसराही बघू. मला लावलं. प्रवीणने माझ्या बाजूची दातेरी चकती आधीच मोठी करून ठेवली होती, त्यामुळे माझे तिन्ही गिअर जरा हलके झाले होते. तरी चढ मला जड गेला. बाईंची ओढ मंदावत चालल्याचं साखळीतून कळत होतं. मी पहिल्या गिअरमध्ये, मुका. आणि अर्ध्या चढावर माझे कुत्रे बोलले. टिक, टिक, टिक.

बाईंनी ब्रेक दाबला. पहिल्या गिअरमध्ये, चढावर, मी ओढत असताना आवाज यायचं काही कारण नव्हतं. चाक माझ्या ओढीपेक्षा पुढे पळालं तरच तो येतो.

"प्रवीण, हात काढ."

"मी कुठं लावलाय, अक्का?"

"मग हे कुत्रे कुणावर भुंकले?"

प्रवीणने हात मागे घेतला. बाई मान न वळवता म्हणाल्या, "मघाशी पण लावला होतास."

"थोडासाच," तो म्हणाला. "तुझं तोंड बघवंना."

 ओंकारने चाचरत सांगितलं की धक्का नसतानाही आठ गिअरवर त्या चढू शकतील, फक्त सराव हवा. ते खरंच होतं. प्रवीणही तेच म्हणाला: तो हलका आहे, तोच ठेव.

"हलका आहे," बाई म्हणाल्या, "पण मागून कोण आलं ते सांगत नाही. मला हाच हवा."

मला कुणी निवडावं असं माझ्यात फारसं काही नाही. त्या दिवशी मला माझ्या पोटातल्या गोंगाटासाठी निवडलं गेलं, आणि त्याचा आनंद मानावा की नाही, हेही मला लगेच ठरवता आलं नाही.

मग उन्हाळाभर सराव. आज बाभळीपर्यंत, उद्या तिच्या पुढे. हात भरून आले की बाई ब्रेक लावून बसायच्या. शाळा उघडायच्या आदल्या दिवसापर्यंत फाटक काही गाठलं नव्हतं.

पहिल्या दिवशी प्रवीण ड्युटीवर होता. मुलांना बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की सगळ्यांनी फाटकाच्या आत थांबायचं. मागे फक्त चांगुणाबाई, हातात डबा घेऊन. त्यांना घरी थांब म्हणायची कुणाची छाती नव्हती.

बाभूळ गेली. रोज थांबायची ती जागा गेली. मी मुका, बाईंचा श्वास तेवढा ऐकू येत होता. फाटकाच्या थोडं अलीकडे एक मोरी आहे, तिच्यावरून रस्ता जातो. तिथे पोचलो आणि पोटात टिक, टिक झालं. दोनतीनदाच. मग पुन्हा ओढ लागली, कुत्रे गप्प झाले आणि आम्ही फाटकातून आत गेलो. मुलं ओरडत होती. बाई हसत होत्या, पण त्यांचा हात माझ्या वायरीवर घट्ट आवळलेला होता.

संध्याकाळी त्यांनी विचारलंच. "आई, मोरीपाशी हात लावलास?"

"न्हाई गं. म्या डबा धरला हुता."

"डबा एका हातात."

"आन् दुसऱ्या हातात पदर," चांगुणाबाई म्हणाल्या. "म्या हात लावला न्हाई, भारती."

बाईंनी ते हसून सोडून दिलं. विश्वास ठेवला नाही, हे मला माहीत आहे. ज्या आईने जन्मभर उचललं, ती फाटक समोर दिसत असताना हात आवरेल कशी, असं त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं. मला मागचं दिसत नाही. फक्त कुत्र्यांचं ऐकू येतं, आणि कुत्रे नाव सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून बाई मोरीपाशी दुसरा गिअर टाकू लागल्या, तिथे त्यांना हलकं वाटायचं म्हणून. दुसऱ्यात मी सतत टिकटिकतो, त्यामुळे पुढे काही कळायचा मार्ग राहिला नाही. एकदा नीट पाहिलं असतं तर कळलं असतं. पण उत्तर मिळेल या भीतीनेच काही प्रश्न माणसं विचारत नाहीत, आणि हबही.

चांगुणाबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. यंदा बाई निवृत्त झाल्या. प्रवीण अजून महिन्याला मला तेलाचे थेंब घालतो. तिसऱ्या गिअरची स्प्रिंग मऊ पडली आहे, पण सपाटीवर आता घाई कुणाला आहे? माझं एवढंच मागणं: माझ्यासारखा कुणी सापडला तर त्यात ग्रीस भरू नका, आणि चढावर कुणी आपल्या हातांनी जात असेल तर आधी विचारा, मग हात लावा. येतो मी.

मात्र बाईंच्या शाळेतल्या निरोपाच्या दिवशीचं सांगायचं राहिलं. चढ चढून आल्यावर बाईंनी मोरीवर ब्रेक लावला. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि माझ्या चाकाशेजारी रस्त्यावर ओतली. पाणी क्षणभर जागीच थांबलं. मग आम्ही जिकडून चढून आलो होतो तिकडे न जाता, ते सावकाश फाटकाच्या दिशेने वाहत गेलं. मोरीवर रस्ता वीतभर उतरतो, चाक तिथे आपोआपच पुढे पळतं. चांगुणाबाईंनी हात लावला नव्हता.