लाल हत्ती

भोंडल्याचं गाणं विहिरीच्या कडव्यापाशी आलं, बुवांनी दर्भानं तांब्यातलं गंगाजल शिंपडलं आणि पाटावरचा पिवळा हत्ती लाल झाला. दिल्लीतल्या सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरच्या अंगणात, अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या भोंडल्यात, फेर धरलेल्या बायका जागच्या जागी थबकल्या. कुमुदताईंनी सकाळीच हळदीनं काढलेला हत्ती होता तो. आता त्याच्या पाठीवर रक्त सांडल्यासारखं दिसत होतं.

"वर्षानुवर्षं हसत गाता," कुमुदताईंनी पूजेला बोलावलेले शांतारामबुवा म्हणाले, "अर्थ कधी पाहिलात?"

तो खरंच कुणी पाहिला नव्हता. सासऱ्यानं विहीर खणली, पाणी लागेना, म्हणून धाकट्या सुनेला नटवून आत उतरवलं. आणि पुढच्याच कडव्यात खिरापतीचे लाडू! कुमुदताईंनी बुवांना उपाय विचारला. बुवांनी निदान केलं की ती सून अजून तहानलेली आहे आणि तिची नजर ह्याच घरच्या सुनेवर आहे. उपाय तयारच होता. सातव्या महिन्यातल्या वृंदानं नऊ दिवस मागच्या खोलीत बंद राहायचं, दिवसा पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. तिच्या सोन्याच्या पाटल्या बुवा स्वतः विहिरीला अर्पण करणार होते. कोणत्या विहिरीला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी कुमुदताईंची लेक अरुणा मुनिरक्याहून आली. तिथे खोली घेऊन ती शिकत होती. खिडकीच्या गजांतून वहिनीचे फुटलेले ओठ पाहून तिचं डोकं फिरलं. पण आईशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे ती ओळखून होती. संध्याकाळी भोंडल्यात बुवांच्या देखत तिनं हळदीचा नवा हत्ती काढला, माहेरच्या झोपाळ्याचं साधं गाणं म्हणायला लावलं आणि बुवांचाच तांब्या उचलून त्यातलं गंगाजल हत्तीवर शिंपडलं. ना विहीर, ना मरण, तरी हत्ती लाल झाला.

"कोपली ती," बुवा घाईनं म्हणाले.

अरुणानं वर लिंबू पिळलं. हत्ती परत पिवळा झाला.

"अच्छा, म्हणजे लिंबाला घाबरते का ती?" शेजारच्या पद्मजाताईंनी विचारलं.

"तांब्यात चुन्याची निवळी आहे, काकू. चुन्यानं हळद लाल होते, लिंबानं पुन्हा पिवळी. आपल्या आज्या हळदीला चुना देऊन घरीच कुंकू करायच्या. आपण इथे डबी विकत आणतो, म्हणून विसरलो."

बुवांना पहाडगंजला तातडीचं काम आठवलं. ते निघण्याआधी पाटल्या मात्र पद्मजाताईंनी त्यांच्याकडून काढून घेतल्या.

कुमुदताई पाटापाशीच बसून होत्या. "म्हणजे गाण्यातलं काहीच खरं नाही?"

"असेलही, आई. मला भीती त्याचीच वाटते. त्या सुनेला भुतानं नेलं नाही. अशाच कुणीतरी उपाय सांगितला, घरच्यांनी ऐकला, आणि सासूनं तिची वेणी घातली."

मागच्या खोलीची कडी रोज सकाळी कुमुदताईच लावत होत्या. त्या उठल्या. त्यांनी कडी काढली आणि पिण्याच्या पाण्याचा भरलेला तांब्या आत नेला. वृंदानं तांब्या तोंडाला लावला आणि न थांबता रिकामा केला.

गाणी टाकू नका, पोरींना अर्थासकट शिकवा. पण चमत्कार दाखवून कुणी घरच्या माणसाचं पाणी तोडायला सांगितलं, तर आधी त्याच्या तांब्यात काय आहे ते पाहा. आणि ते कळलं नाही, तरी दार उघडा.