गालाला लावलेलं कापड

मास्तरांच्या हाताला यश आहे, असं शिलाईच्या त्या कारखान्यात सगळेच म्हणत. बावीस वर्षांत मास्तरांनी कापलेला एक कपडा धुतल्यावर आखडला असेल तर शपथ! मालकीणबाई नव्या गिऱ्हाइकाला कटिंगच्या टेबलापाशी आणत आणि बोट दाखवत, "बघा, हा आपल्या इथला हात. उगाच नाही आपलं राज्य पुढे गेलं." मास्तर कापड गालाला लावून बघत, मान खाली घालून खडूनं रेघ मारत. लोकांना वाटे, काय विनय आहे माणसाचा! विनय कसला डोंबलाचा. मास्तर इथले नव्हतेच. ते नदीपलीकडच्या राज्यातले होते.

आणि पलीकडच्यांबद्दल इथे काय काय बोलतात, विचारू नका. ते आळशी. ते शब्द असे ओढतात की त्यांचं 'हो' संपेपर्यंत बस निघून जाते. आज या म्हटलं की परवा उगवतात. पलीकडचा माणूस पळताना दिसला तर समजावं, मागे कुत्रं लागलंय. मास्तर विशीत इकडे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे सगळं त्यांच्या कानावर पडलं. मग कुणी गाव विचारलं तेव्हा त्यांनी बेधडक ठोकून दिलं, "इथलाच की, स्टेशनामागचा." एकदा बोलून गेले ते गेले. पुढे बोलणं बदललं, चाल वाढवली, लग्न इथल्याच मुलीशी केलं आणि तिच्याकडूनही गप्प राहायचं वचन घेतलं.

खरं तर पलीकडे कुणी झोपा काढत नाही. दुपारी घामानं जीव नकोसा होतो, म्हणून माणसं पहाटेच कामाला लागतात आणि दुपारी दुकानं बंद ठेवतात. इथला पाहुणा नेमका दुपारी तिथे टपकतो आणि परत येऊन सांगतो, अख्खं गाव घोरत होतं!

तीन महिन्यांपूर्वी कटिंगला एक नवी बाई आली. तिनं आल्या आल्याच सांगून टाकलं की मी पलीकडची. झालं, तेच तिचं नाव पडलं. शाळेत जाणारी मुलगी घेऊन ती एका खोलीत राहत होती. नोकरी पक्की झाली तर मुलीची शाळा इथेच, नाहीतर चंबूगबाळं आवरून परत. पक्की करायची की नाही त्या कागदावर सही मास्तरांची, आणि तिच्या तीन महिन्यांचा शेवटचा दिवस शुक्रवार.

शुक्रवारीच गोंधळ झाला. हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांच्या कपड्यांसाठी होजियरीचा तागा सकाळीच आला होता. अकरा वाजता मालकीणबाई येऊन बघतात तर कापड टेबलभर सैल पसरलेलं आणि कात्री जागच्या जागी.

"कापलं का नाही अजून?"

"उद्या सकाळी कापते, बाई," पलीकडची म्हणाली. "आज त्याला असंच पडू दे."

"उशी आणू का त्याला?" इस्त्रीवाला ओरडला. "अंगाई कोण म्हणणार?"

सगळा कारखाना खो खो हसला. सगळ्यात मोठ्यानं हसले मास्तर. ती त्यांची बावीस वर्षांची सवय. आपण हसलो नाही तर कुणीतरी आपल्याकडे बघेल, ही धास्ती.

मालकीणबाई मात्र हसल्या नाहीत. "सोमवारी माल द्यायचाय आणि या कापड झोपवतायत! मास्तर, काढा तो कागद. 'नाही' लिहा, सही करा, विषय संपवा."

मास्तरांनी कागद काढला, पेनचं टोपण उघडलं. आता गंमत ऐका. ताग्यावर घट्ट गुंडाळलेलं असलं कापड ताणलेलं असतं. उलगडून सैल सोडलं की सकाळपर्यंत आपल्या मापावर येतं. लगेच कापलं तर पहिल्याच धुण्यात बाही दोन बोटं वर. पलीकडे हे पोरासोरांना ठाऊक असतं. मास्तर बावीस वर्षं तेच करत होते! रोज कामाची सुटी झाली की "मोजून ठेवतो" म्हणत मागे थांबायचे आणि उद्याचा तागा उलगडून जायचे. त्या हाताचं यश ते एवढंच.

पलीकडचीनं गयावया केली नाही. खांद्याला पिशवी अडकवून उभी होती. पिशवीतून मुलीच्या नव्या वह्या डोकावत होत्या. मास्तरांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "मीच सांगितलं तिला."

"तुम्ही? आणि तुम्हाला कुणी शिकवलं हे खूळ?"

कुठल्याशा पुस्तकात वाचलं म्हणाले असते तरी खपलं असतं. ते ओठावर आलंही होतं.

"आईनं," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे असंच करतात. नदीपलीकडे. मी तिकडचाच आहे, बाई. रोज तागा उलगडतो तो मोजायला नाही, सैल सोडायला."

एकेक मशीन थांबलं. मालकीणबाईंनी मास्तरांकडे बघितलं, मग कापडाकडे, मग पुन्हा मास्तरांकडे.

"बावीस वर्षं?"

"बावीस."

"उद्या आठच्या ठोक्याला कापायला घ्या," एवढं बोलून त्या आत गेल्या. मास्तरांनी कागदावर 'हो' लिहिलं आणि सही केली.

चहा झाल्यावर इस्त्रीवाल्यानं एक स्टूल आणून त्यांच्यापुढे ठेवलं. "बसा मास्तर, उभ्यानं दमाल." पुन्हा सगळे हसले. सवयीनं मास्तरांचंही तोंड उघडलं, पण हसू काही येईना. लागलं त्यांना, चांगलंच लागलं.

पलीकडची खडू घ्यायला टेबलापाशी आली.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मास्तर," ती हळूच म्हणाली. "इथले लोक कापड बोटानं चाचपतात. तुम्ही गालाला लावता."

"मग बोलली का नाहीस? मी एवढा हसत होतो तुला."

"घरी मुलगी रोज विचारायची, आई, आज तुला सगळ्यात जास्त कोण हसलं?" तिनं खडू उचलला. "मी सांगायचे, आहेत एक आपल्यातलेच. घाबरतात गं बिचारे."